फळ्यावरचा एक

१९९४ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. चिकपेटच्या एका बोळात माझं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनं, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला एक स्टूल मावेल एवढी जागा. ब्लाउज आणि शर्ट, दुसरं काही मी शिवलं नाही. निपाणीला मराठी तिसरीपर्यंत शिकलो, बाराव्या वर्षी मामाबरोबर बेंगळूरला आलो आणि कात्री धरली. कन्नड मला बोळानं शिकवलं. इंग्रजी आकडे वाचता येतात, बसमुळे आणि टेपमुळे. पण लिहायला घेतलं की हात तिसरीच्या वर्गात जाऊन बसतो. मापाच्या वहीत छाती, कंबर, बाही, सगळं मराठी आकड्यांत. कुणी बदला म्हणालं की मी विचारायचो, तुम्हाला ब्लाउज पाहिजे का वही?

बोळ इतका अरुंद की समोरच्या दुकानातला माणूस शिंकला तर आपण तोंड पुसावं. समोर अण्णांचं दुकान होतं. बटणं, हुक, दोरे, अस्तर. अण्णा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. कन्नड माणूस, बायको लवकर गेलेली, एकुलती मुलगी दावणगेरेला दिलेली. मला हुक लागले की मी चिठ्ठीवर आकडा लिहायचो, रिकाम्या बॉबिनला ती गुंडाळायचो आणि समोर फेकायचो. अण्णा चिठ्ठी बघायचे आणि तेवढी पाकिटं माझ्याकडं फेकायचे. तीस वर्षांत त्यांनी आकडा चुकवला नाही. माझा एक कसा दिसतो हे माझ्या बायकोपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

रेसला आम्ही दोघं बरोबर जायचो. हिवाळ्यात एक सीझन, उन्हाळा सरताना दुसरा. शनिवारी दुपारी दुकानं अर्धी ओढायची आणि मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून चालत निघायचं. आत गेलं की स्वस्तातल्या बाजूला पॅडॉकच्या कठड्याला जाऊन टेकायचं. पळायच्या आधी घोडे गोल फिरवून दाखवतात ती ही जागा. बाकीचे लोक तिथं पुस्तकात डोकं घालून उभे असतात. कुठला घोडा मागं कितवा आला, वजन किती, वर कोण बसलाय. अण्णांना एकेक अक्षर लावत घोड्याचं नाव वाचता यायचं, मला तेही नाही. म्हणून मी घोडाच बघायचो. चालताना मागचा पाय पुढच्या खुराची खूण ओलांडतो का. कान कुठं आहेत. मानेवर घाम आहे का. मोतद्दार घोड्याला नेतोय का घोडा मोतद्दाराला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या अंगावर शर्ट कसा बसलाय हे शिंप्याला बघावं लागत नाही, ते दिसतंच. तशी मला घोड्याच्या अंगावर त्याची कातडी कशी बसलीय ते दिसायचं.

आमचा एक नियम होता. बघून झालं की कुठला घोडा घेणार ते एकमेकांना सांगायचं नाही. वेगवेगळ्या खिडक्यांवर जायचं, सगळ्यात स्वस्त तिकीट घ्यायचं आणि मुठीत धरायचं. रेस संपली की दोघांनी मुठी पुढं करायच्या आणि एकदम उघडायच्या. मी अण्णांना आपली म्हण शिकवली होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या तोंडी त्यातलं एवढंच राहिलं, ‘सव्वा लाक’. घोडे सुटायच्या आधी मूठ हलवून ते मला म्हणायचे, “मास्ट्रे, सव्वा लाक!” टेलर मास्टर, म्हणून सगळा बोळ मला मास्ट्रेच म्हणायचा.

बहुतेक वेळा दोघांच्या मुठीत हरलेलं तिकीट निघायचं. मग चहा संपेपर्यंत भांडण. “हा घोडा तुम्ही घेतलात? याचे गुडघे बघितलेत का?” “तुमच्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत.” असं चालायचं. तीस वर्षं चाललं.

बोळाच्या तोंडाशी उभ्यानं खायचं हॉटेल होतं, इथं त्याला दर्शिनी म्हणतात. मालक चाळिशीचा, जीभ पळीवाढ्या सांबारासारखी, कुठंही सांडणारी. दाराशी काळा फळा होता. त्यावर तो रोजचे पदार्थ लिहायचा, आणि रेसच्या दिवशी खाली पेपरातल्या टिपा. लोक त्या वाचत उभे राहायचे, उभे राहिले की दुसरी कॉफी घ्यायचे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी अण्णा आणि मी तिथं कॉफी पीत होतो. चौथ्या रेसचे घोडे अण्णांनी पेपरातून नंबरासकट वाचले, पेपरानं कुठला दिलाय तेही. मी म्हटलं, “तो येत नाही. मागचा डावा पाय चोरतो. माझ्या डोक्यात दुसराच आहे, दोन आठवड्यांपूर्वी काय चालत होता.”

हे मी अण्णांना म्हटलं होतं. ऐकलं मालकानं.

“मग लिहा की फळ्यावर.”

“मी लिहीत नाही. बघतो.”

“बघणारे पुष्कळ, मास्ट्रे. रेस झाल्यावर आमचा खरकटं काढणारासुद्धा सांगतो कुठला येणार होता. आधी लिहायला छाती लागते.” मग चार लोकांकडं बघून म्हणाला, “का लिहायलाच येत नाही?”

लोक हसले. मी कप ठेवला. अण्णांनी माझ्या बाहीला हात लावला. “नको हो. स्वल्प थांबा.”

कुणी थांब म्हटलं की मी थांबत नाही. हा माझा स्वभाव, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता. चौथी रेस हे मालकानं आधीच कन्नडात लिहून ठेवलं होतं. मी त्याच्या हातातला खडू घेतला आणि पुढं मोठा आकडा लिहिला. एक. माझा एक, १.

परत येताना अण्णा म्हणाले, “मग आज मुठीत काय धरायचं? सगळ्या पेठेला कळलं.”

“तुम्ही तुमचं धरा,” मी म्हटलं.

दुपारी पॅडॉकला एक नंबरचा घोडा समोरून गेला. मानेवर फेस, कान मागं. दोन आठवड्यांपूर्वीचा घोडाच नव्हता तो. दुसऱ्या कुठल्याही शनिवारी मी त्याला सोडला असता. बघायचं असतं ते त्यासाठीच, शेवटच्या क्षणाला मन बदलता यावं म्हणून. पण सकाळी सात वाजता मी ते फळ्यावर लिहून बसलो होतो. मी जाऊन एकाचं तिकीट घेतलं.

रेस झाली. एक नंबर मागून दुसरा की तिसरा आला. पुढं आली एक लहानशी तपकिरी घोडी, तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, मीही नाही. नंबर नऊ.

अण्णांनी मूठ पुढं केली. मीही करणार होतो. तेवढ्यात कठड्याच्या बाजूनं दर्शिनीचा मालक आणि बोळातले पाच-सहा लोक हात वर करून पळत आले. “मास्ट्रे! नऊ! तुमचा नऊ!” कुणी माझ्या गळ्यात पडलं. कुणी पायाला हात लावला. मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पहिल्यांदा काही कळेना. मग फळा डोळ्यांपुढं आला. इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला माझा एक नऊसारखा दिसतो. कन्नडातला एक वेगळाच, वाटोळा. मराठी आकडा ओळखणारा त्या गर्दीत मी होतो, आणि अण्णा होते.

अण्णांची मूठ उघडी होती. तिच्यात पाच नंबरचं तिकीट होतं. ते माझ्या हाताकडं बघत होते. मी हात खिशात घातला.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी मूठ उघडली नाही.

मालक ओरडून सांगत होता, “पेपरवाल्यांना काय कळतं? आमच्या मास्ट्रेंना बघा!” मी म्हणालो, “चाल बघितली होती.” एवढंच म्हणालो. खोटं असं वेगळं काही बोलावं लागलं नाही.

परत जाताना अण्णा माझ्या बाजूनं चालत होते. मॅजेस्टिकपर्यंत ते काही बोलले नाहीत. ते मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. बोलायचं असतं तर तेवढ्यात बोललो असतो. मॅजेस्टिकला बसचा धूर, गर्दी, मग बोळ आला आणि आम्ही आपापल्या दाराशी गेलो. मी तिकीट मशिनच्या खणात, बॉबिनांच्या खाली टाकलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी बसून इंग्रजी आकडे गिरवले. मापाच्या खाकी कागदाच्या मागं, एकपासून नऊपर्यंत. बायको भाजी चिरत होती.

“आता या वयात आकडे?”

“गिऱ्हाइकांसाठी.”

“तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाचं ऐकलंत?”

मी पुढचा आकडा गिरवला. तिनं विळी पुढं ओढली आणि बोळातल्या कन्नडात म्हणाली, “सरी,” म्हणजे बरं. “गिरवा.”

त्या शनिवारी फळ्यावर मी इंग्रजी आकडा लिहिला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. कॉफी पिताना अण्णांनी फळ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. “अक्षर सुधारलं,” ते म्हणाले. त्यांच्याकडं फेकायच्या चिठ्ठ्यांवर मात्र मी मराठीच लिहीत राहिलो.

सगळा हिवाळा मी फळ्यावर लिहिलं. दर रेसच्या दिवशी तीन आकडे. घोडे न बघता कसे लिहिलेत असं कुणी विचारलं नाही. गेल्या खेपेला बघितलेलं आठवून लिहायचो, आठवलं नाही तरी लिहायचो. फळा रिकामा ठेवता येत नाही. काही घोडे आले, काही नाही आले. आले की लोक मला पुढं घालून कॉफी पाजायचे. नाही आले की कपाच्या काठावरून बघायचे. मी दोन्ही दिवशी कॉफी प्यायचो. चव सांगता आली नसती.

पॅडॉकला मी जाईनासा झालो. जाऊन करायचं काय? घोडा वाईट दिसला तर बदलता येणार नव्हता, बरा दिसला तरी लिहून झालेलंच होतं. मी स्टँडच्या खाली, खांबाला पाठ लावून उभा राहायचो. घोडे आले की पायाखालची जमीन हलते, तेवढं समजायचं. मग ओरडा व्हायचा. ओरडण्यावरून मला कळायचं आपला आला का नाही. पूर्वी हरलो तर मी हरायचो आणि अण्णा हसायचे, विषय संपायचा. आता मी तिकीटही घेत नव्हतो, तरी दर शनिवारी बोळातली निम्मी माणसं माझ्या नावानं हरत होती.

अण्णा पहिल्या काही शनिवारी आले. रेस संपली की सवयीनं मूठ पुढं करायचे. मी म्हणायचो, “फळ्यावर बघितलंत ना.” ते आपली मूठ आपणच उघडायचे, बघायचे आणि तिकीट फाडून टाकायचे. जानेवारीत म्हणाले, गुडघे दुखतात. त्यानंतर आले नाहीत. मी हॉटेलवाल्यांबरोबर जायला लागलो.

बोळाच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी एक अक्का बसायची. रोज सकाळी मशिनवरच्या देवाच्या तसबिरीसाठी ती मला एक मोळ फुलं द्यायची. मोळ म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत, तिच्या हातानं मोजून. तिचा नवरा कापडाच्या गोदामात हमाल. पेठेत जन्म गेला तरी तो कधी रेसला गेला नव्हता. एका शनिवारी फुलं मोजता मोजता तिनं विचारलं, “मास्ट्रे, आज तुमचा घोडा येणार ना?”

“बघू.”

“बघू नका, सांगा. आला की तो शांत घरी येतो.” नाही आला की काय, ते तिनं सांगितलं नाही. दोरा दातानं तोडला.

मी म्हटलं, “मी त्याला जा म्हणून सांगितलं का?”

“तुम्ही नाही सांगितलं,” ती म्हणाली. “फळ्यानं सांगितलं.”

त्या दिवशी लिहिलेल्या तिन्हींपैकी एकही आला नाही. सोमवारी ती दुकानावरून गेली, थांबली नाही. मग मी तसबिरीला कागदी फुलांचा हार आणला. तो वाळत नाही, बदलावा लागत नाही. सोय झाली.

हे सगळं मला कसं वाटत होतं असं आता कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. बोटाला सुई लागून लागून तिथली कातडी जाड होते, मग सुई आत गेली तरी रक्त आल्यावर कळतं. तसंच काहीसं. दुकान चालू होतं. कपडे वेळेवर जात होते. शनिवारी फळा होता.

जूनमध्ये अण्णांची मुलगी दावणगेरेहून आली. वडिलांना एकटं ठेवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. अण्णा पहिल्यांदा नाही म्हणाले, मग नाही म्हणायचे थांबले. दुकानातला माल पलीकडच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यानं उचलला. एका शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या फळ्या रिकाम्या दिसल्या. अण्णा बोळ ओलांडून माझ्याकडं आले. हातात काचेची एक बरणी, तळाशी सुटी, उरलेली बटणं. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. तीस वर्षांत ते त्या स्टुलावर बसले नव्हते. आमची सगळी बोलणी बोळावरून व्हायची.

“एका रंगाची चार मिळणार नाहीत,” बरणीकडं बघून ते म्हणाले. “पण एखादं तुटलं तर उपयोगी पडेल.”

“कधी निघता?”

“आत्ताच. मुलगी ऑटो आणायला गेलीय.”

मी मशीन थांबवलं नाही. एका बाहीची शिवण चालू होती. ती संपली, मी दोरा तोडला.

“दावणगेरेत रेस नाही,” मी म्हटलं.

“डोसा आहे, लोणी घालून.” ते हसले. मग म्हणाले, “मास्ट्रे, त्या दिवशी तुम्ही मूठ उघडली नाहीत.”

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. तिकीट त्यातच होतं, बॉबिनांच्या खाली, मी कधी काढलं नव्हतं. उघडायला दोन बोटं पुरली असती. त्यांना माझ्याकडून काही कळायचं बाकी नव्हतं. माझा एक त्यांनी तीस वर्षं वाचला होता. त्यांना फक्त मी दाखवायला पाहिजे होतं.

“गर्दी झाली होती,” मी म्हटलं.

“हो, गर्दी होती.”

“तुमच्याकडं पाच होता.”

“माझा पाच. आणि तुमचा?”

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. मुलीनं “अप्पा, बन्नी!” अशी हाक मारली, या म्हणून. अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि उभे राहिले. मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जात नव्हता.

“नऊ,” मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली, हो म्हणतात तशी. मग आपली उजवी मूठ मिटून माझ्या तोंडापुढं धरली आणि हलवली. “सव्वा लाक, मास्ट्रे.” ते गेले. ऑटो बोळात शिरत नाही, म्हणून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. कोपऱ्यावर त्यांनी फुलं विकत घेतली, मुलीला दिली. मला एवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, रेसचा दिवस. सकाळी एक ब्लाउज द्यायचा होता आणि हुक संपले होते. मी चिठ्ठीवर आकडा लिहिला, बॉबिनला गुंडाळला आणि हात वर केला. समोर शटर बंद होतं. चिठ्ठी सोडवून घेतली आणि पलीकडच्या गल्लीत गेलो, ज्यानं अण्णांचा माल उचलला त्या व्यापाऱ्याकडं. तिथं काउंटरवर गर्दी होती. अशा गर्दीत कुणी ओरडत नाही, चिठ्ठी पुढं सरकवायची ही पेठेतली रीत. मी सरकवली. त्यानं बघितली, मागं वळला आणि हुकांची पाकिटं आणून माझ्यापुढं रचली. नऊ.

मी पाकिटांकडं बघत उभा राहिलो. मागच्या माणसानं मला ढोसलं.

“घ्या की,” व्यापारी म्हणाला. “नऊच लिहिलंय ना?”

“एक,” मी म्हटलं. “तो एक आहे.”

त्यानं चिठ्ठी उलटी-सुलटी केली. “हा एक? असा असतो होय एक?”

“माझा असा असतो.”

“मग नीट लिहा हो, यजमान,” असं म्हणून त्यानं आठ पाकिटं परत उचलली आणि दुसऱ्याची चिठ्ठी घेतली.

मी एक पाकीट घेऊन निघालो. दर्शिनीवरून जाताना फळ्यावर कन्नडात रेस लिहून झाल्या होत्या, पुढची जागा रिकामी होती. मालकानं आतून खडू दाखवला. “मास्ट्रे, आजचा नंबर!” मी ऐकलं आणि चालत राहिलो. दुकानात आलो, पाकीट फोडलं आणि ब्लाउजला हुक लावायला बसलो.